चाकांवरची बैठक

स्केट्स घातल्याच्या पहिल्या दिवशी मी एकूण बारा-पंधरा फूट पुढं गेलो असेन, तेही कठड्याला धरून. पण घरी पोचलो तेव्हा शर्ट पिळला असता तर पाणी निघालं असतं. बायको म्हणाली, "रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून आलासा काय?"

मी ४३ वर्षांचा, वजन ८४ किलो, काम दिवसभर खुर्चीत बसायचं. रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी रोज अंग हलवायला सांगितलं. चालायला सुरुवात केली, कंटाळलो. जिमची वर्षाची फी भरली आणि दोन आठवड्यांत जायचा बंद झालो. मुलीला मात्र रोज स्केटिंगच्या क्लासला सोडायचो आणि पायरीवर मोबाइल बघत बसायचो. एक दिवस तिचे सर म्हणाले, "नुसतं बसून काय करताय, तुम्हीबी घाला की." घातले. आता बॅचमध्ये सोळा पोरं आणि सतरावा मी.

तर पहिला प्रश्न असा, की जागचं न हलता एवढा घाम आला कुठून?

आपण सरळ उभे असतो तेव्हाही खरं तर सारखे डुलत असतो. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव आणि पावलं-घोट्यांमधल्या नसा या तिघांकडून मेंदूला खबर जात असते, आणि मेंदू त्याप्रमाणं कधी चवडा, कधी टाच जमिनीवर दाबून शरीर मध्यावर आणतो. हे दिवसभर चालतं आणि आपल्या गावीही नसतं. पायाखाली चाकं आली की हा हिशोब बिघडतो. चवडा दाबायला जावं तर पाऊलच मागं सरकतं, टाच दाबावी तर पुढं पळतं. तोल सावरायची जी खटपट, तिनंच तोल जातो. मग मेंदू घाबरून एकच करतो, पाय ताठ करतो. मांडीचे पुढचे स्नायू पाय सरळ ओढतात आणि मागचे त्याच वेळी उलटे ओढतात. दोन बैल गाडीला दोन्हीकडून जुंपल्यासारखं. गाडी जागची हलत नाही, बैलांच्या तोंडाला मात्र फेस. माझा पहिल्या आठवड्यातला घाम हा तसला होता.

हे सांगायचं कारण, अनेक मोठी माणसं याच टप्प्यावर सोडून देतात. "आपल्याला झेपत नाही, दमच लागतो" म्हणतात. तो दम हृदयाचा किंवा वयाचा कमी आणि ताठरपणाचा जास्त असतो. शरीराला चाकांची सवय झाली की तेवढ्याच अंतराला निम्माही घाम येत नाही. मला साधारण महिना लागला. पोरांना दोन दिवस लागतात, त्यांच्याशी बरोबरी करू नका.

ताठरपणावर औषध एकच आणि ते सर दिवसातून पन्नास वेळा ओरडतात, "गुडघं वाकवा!" यामागचं कारण समजलं की वाकवणं सोपं जातं. माणूस घाबरला की सरळ होतो आणि मागं रेलतो. ही उपजत सवय आहे. पण चाकं पुढं जायला मोकळी आणि वजन टाचेच्या मागं, म्हणजे पाय निसटून पाठीवर पडणार. पडण्याच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत वाईट, माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू थेट जमिनीला लागते. उलट गुडघे आणि घोटे वाकले, नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकली, की वजन पावलाच्या मध्यावर येतं आणि धड जमिनीजवळ जातं. मग पाय थोडा इकडंतिकडं झाला तरी सावरायला जागा राहते.

खासबागेत कुस्ती बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. खडाखडी सुरू असताना कोणता पैलवान सरळ उभा असतो? गुडघ्यात वाकलेला, कंबर खाली, छाती थोडी पुढं, हात समोर. सरळ झाला की समोरचा पाय धरून पट काढणार. आमचे सरही पोरांना "पवित्रा घ्या" असंच म्हणतात. मर्दानी खेळातला पवित्रा आणि स्केटिंगमधला यांत फरक एवढाच, की इथं समोरचा गडी म्हणजे जमीन आणि ती कधी दमत नाही.

आता पुढं जायचं कसं? चालताना आपण जमीन मागं ढकलतो. चाकांवर मागं ढकललं तर पाय नुसता मागं घरंगळतो, जोर वाया. पण चाक फक्त आपल्या रेषेत फिरतं, आडवं घसरत नाही, तिथं त्याचं रबर जमिनीला धरून राहतं. म्हणून पंजा थोडा बाहेर वळवायचा आणि जोर बाजूला द्यायचा. भिजलेला चिंचोका चिमटीत दाबला तर तो पुढं सटकतो ना, दाब आडवा आणि उडी पुढं, तसंच काहीसं इथं घडतं. उजव्यानं बाजूला ढकललं की शरीर डाव्या पायावर तिरकं पुढं जातं, मग डाव्यानं. वरून बघितलं तर स्केटरची वाट नागमोडी दिसेल.

या आडव्या ढकलण्यातच स्केटिंगचा खरा फायदा आहे. चालणं, पळणं, सायकल, सगळ्यांत पाय पुढं-मागं जातात. खुब्याच्या बाजूचा स्नायू, जो एका पायावर उभं राहताना कंबर एका बाजूला कलू देत नाही, त्याला आमच्यासारख्या खुर्चीवाल्यांच्या आयुष्यात फारसं काम नसतं. इथं प्रत्येक ढकलण्यात तो लागतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक घसरणीत दुसऱ्या बाजूचा लागतो, कारण घसरणं म्हणजे एका पायावर उभं राहणंच. मांडीच्या आतले स्नायू बाहेर गेलेला पाय परत ओढून आणतात. पोट आणि पाठ धड स्थिर धरतात. दुसऱ्या दिवशी मला ज्या जागा दुखल्या, तिथं स्नायू असतात हेच मला ठाऊक नव्हतं.

आणि मांडी! ती पेटतेच. बैठका सगळ्यांनी काढल्यात, पण बैठक अर्ध्यावर थांबवून तसंच राहायला सांगितलं तर अर्ध्या मिनिटात पाय थरथरतो. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पोचतो आणि मांडी लवकर भरून येते. वेगाच्या शर्यतीतले स्केटर म्हणूनच बघण्यासारखे असतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. त्या शर्यतीचा व्हिडिओ मिळाला तर त्यांचे पाय नाही, त्यांची बैठक बघा. आपण तिच्या निम्मीही खाली जाऊ नये. आपल्याला पदक नको, साखर कमी पाहिजे.

साखरेचं म्हणाल तर मांडी आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. स्नायू काम करायला लागला की तो रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्या वेळी त्याला इन्सुलिनचीही फारशी वाट बघावी लागत नाही. मोठे स्नायू कामाला लावणारा कुठलाही व्यायाम म्हणूनच या कामी चांगला. मात्र साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

कॅलरींचा हिशोब करायला एक सोपं माप आहे. शांत बसलेल्या माणसाला जेवढी ऊर्जा लागते ती एक धरायची आणि व्यायामाला तिच्या किती पट लागते ते बघायचं. ताशी पाच किलोमीटरनं चालायला साधारण साडेतीन पट लागते, स्केटिंगला सात. हा आकडा गुणिले वजन गुणिले तास, की कॅलरी आल्या. म्हणजे ७० किलोच्या माणसानं तासभर स्केटिंग केलं तर ७ गुणिले ७०, सुमारे ४९० कॅलरी. ऐकायला लई भारी. पण हा तास सलग चाकं फिरण्याचा आहे. माझ्या पहिल्या महिन्यातल्या तासात चाकं फिरायची जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, बाकी उठणं, पट्टे आवळणं आणि पाणी पिणं. तेवढ्यावर मिसळीची दुसरी वाटी माफ होत नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. मध्यम की जोराचा हे ओळखायला घड्याळ लागत नाही. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. स्केटिंग जमायला लागल्यावर माणूस या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असतो. सांध्यांचंही एक आहे. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका जमिनीकडून परत येतो, ८४ किलोच्या माणसानं तो हिशोब न केलेला बरा. स्केटिंगमध्ये पाऊल आपटत नाही, सरकतं.

आपटतो तो माणूस. इथं लाजायचं काही नाही, गणित सरळ आहे. वीस किलोचं पोर पडतं तेव्हा त्याच्या शरीराचा मध्य अर्धा मीटर खाली येतो. माझा जवळपास पाऊण-एक मीटर येतो आणि वजन चौपट. जमिनीवर आदळणारी ऊर्जा वजन आणि उंचीच्या गुणाकारावर ठरते, म्हणजे माझी पडझड त्याच्या सहा ते आठ पट जड. वर त्याची हाडं कोवळ्या फांदीसारखी लवचिक, माझी वाळलेली. पोरगं उठून पळतं आणि मी आडवा राहून आभाळ बघतो, त्यामागं हे आहे.

पडताना हात पुढं जातात, ते रोखता येत नाही. तळवा जमिनीला चिकटतो, शरीर पुढं जात राहतं आणि मनगट मागं मुडपतं. स्केटिंगमधली सर्वांत नेहमीची मोठी दुखापत ही मनगटाचीच. अमेरिकेतल्या इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवरच्या स्केटरांच्या दुखापतींचा एक अभ्यास १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आला होता. रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाला दुखापत होण्याची शक्यता जवळपास दहापट निघाली. रिस्ट गार्डमध्ये तळव्याखाली कडक प्लास्टिकची पट्टी असते. ती मनगट मुडपू देत नाही आणि तळवा चिकटण्याऐवजी घसरतो. आपल्याकडं लोक हेल्मेट आणि नी-गार्ड घालतात पण रिस्ट गार्ड "हात बांधल्यासारखं होतं" म्हणून काढून ठेवतात. मी तर म्हणेन, पैसे कमी असतील तर स्केट्स साधे घ्या, पण मनगटाचं गार्ड चांगलं घ्या.

आणि पडायला शिका, चालायच्या आधी. आमच्या तालमींत हे पूर्वापार आहे, लाल मातीत आधी पडणं येतं, मग डाव. तोल जातोय असं वाटलं की सावरायला हात झाडायचे नाहीत, आणखी खाली बसायचं. मग नी-गार्डवर गुडघे टेकायचे, त्यानंतर कोपरं, शेवटी तळवे, आणि घसरू द्यायचं. उंची जेवढी आधीच कमी केली तेवढा दणका कमी. सुरुवातीला हे गवतावर करा. चार लोक बघतात, बघू देत.

स्केट्स कुठले? चाकं दोन पुढं, दोन मागं अशी असतात ते क्वाड, एका रांगेत असतात ते इनलाइन. आजचे क्वाड असे आले. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी चाकांच्या दांड्यांवर रबराची उशी बसवली, त्यामुळं पाय कलला की चाकं वळायला लागली. त्याआधीच्या स्केट्सवर सरळ जाणं जमायचं, वळणं महाकठीण. क्वाडवर नुसतं उभं राहणं सोपं, पाया रुंद असतो. इनलाइनची चाकं मोठी, मोठ्या माणसांच्या नेहमीच्या स्केट्सना बहुधा ८० मिलिमीटरच्या आसपास, आणि खडबडीत जागेवर मोठं चाकच कामाचं. सायकलचं चाक गारगोटीवरून चढून जातं, स्केटचं तिला अडून थांबतं, आपण मात्र थांबत नाही. आपले रस्ते बघता मी इनलाइन घेतले. चाकाच्या रबरावर ७८ए, ८५ए असे आकडे असतात, आकडा कमी तितकं रबर मऊ. मऊ चाक बाहेरच्या जमिनीला बरं, हादरे पचवतं.

बुटाचं माप कोल्हापुरी चपलेसारखं. नवी चप्पल थोडी घट्टच घ्यायची, वापरून ती पायाची होते, हे आपल्याला आज्यानं शिकवलंय. स्केटच्या आतलं अस्तरही दबतं. बोटं पुढं जेमतेम टेकावीत, टाच आत उचलली जाता कामा नये. मुलांचे वाढवता येणारे, सगळीकडून प्लास्टिकचे स्केट्स मोठ्या माणसाच्या वजनाखाली वाकतात, त्या वाटेला जाऊ नका.

बेअरिंगबद्दल मात्र उगाच खर्च करू नका. आठ चाकं, प्रत्येकात दोन, म्हणजे सोळा बेअरिंग. बहुतेक स्केट्समध्ये ती ६०८ नंबरची असतात, आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२. म्हणजे आमच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांतल्या माणसाला समजावून सांगायला लागू नये असा माल. जाहिरातीत "एबेक-७", "एबेक-९" असं मोठ्या अक्षरात लिहितात. तो आकडा बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलंय ते सांगतो आणि त्याचा उपयोग फार वेगानं फिरणाऱ्या यंत्रांना. आपण ताशी १५ किलोमीटरनं गेलो तर ८० मिलिमीटरचं चाक मिनिटाला हजार फेरे घेतं. हातातला छोटा ग्राइंडर दहा हजार घेतो. आपल्या बेअरिंगचा खरा शत्रू धूळ आणि पाणी. बाहेर काढून रॉकेलमध्ये धुवायची, पूर्ण वाळवायची, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, झालं.

थांबण्याकडं आता येतो, खरं तर आधीच यायला पाहिजे होतं. लंडनमध्ये अठराव्या शतकात जॉन जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर होता. एका मेजवानीत तो चाकांचे बूट घालून व्हायोलिन वाजवत आला आणि थांबता न आल्यानं मोठ्या आरशावर जाऊन आदळला, अशी गोष्ट सांगतात. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं, स्वतःही जखमी झाला. इनलाइनच्या एका बुटाला मागं रबराचा ठोकळा असतो, तो ब्रेक. दोन्ही गुडघे वाकवून ब्रेकचा पाय अर्धं पाऊल पुढं सरकवायचा आणि चवडा उचलायचा. नवखा माणूस चवडा उचलताना मागं रेलतो आणि आडवा होतो. वजन पुढंच ठेवायचं. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हेही डोक्यात असू द्या.

उतारावर हे सगळं गडबडतं. नुसता दोन मीटरचा उतार, म्हणजे एका मजल्याहूनही कमी, खाली येईपर्यंत ताशी वीसच्या आसपास वेग देऊ शकतो. ताराबाई पार्कातल्या कुणीतरी मला हौसेनं विचारलं, "पन्हाळ्याचा घाट उतरता येईल का?" मी म्हटलं, उतरता येईल, थांबता येणार नाही.

म्हणून जागा सपाट हवी. कोल्हापुरात सर्वांत बरं म्हणजे परवानगी काढून शाळेचं बास्केटबॉल कोर्ट किंवा सोसायटीचं रिकामं पार्किंग. रंकाळ्याचा काठ संध्याकाळी भेळ खाणाऱ्यांचा आणि लहान मुलांचा आहे, तिथं आपण धोका आहोत. पहाटेही पेव्हर ब्लॉकच्या फटी दात खिळखिळे करतात. पाऊस लागला की बाहेरचं बंदच. ओल्या जमिनीवर ते आडवं धरून राहणं संपतं, ज्यावर सगळा खेळ उभा आहे. आपल्याकडं जून ते सप्टेंबर छप्पर नसेल तर घरात बैठका काढा आणि एका पायावर उभं राहून दात घासा. मजेनं सांगत नाही, तोल त्यानंही सुधारतो.

कुणी करू नये? चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पायाकडून खबरच येत नसेल तर मेंदू तोल कशावर सांभाळणार? पाळी थांबलेल्या बायकांनी हाडांची घनता एकदा तपासून घ्यावी. बाकीच्यांनी आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, मध्ये एक दिवस सुट्टी. रोज केलं की मांडी सावरत नाही आणि दमलेल्या पायानंच माणूस पडतो.

माझी मुलगी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब ठेवते. दोन रकाने केलेत, "बाबा पडले" आणि "बाबा बसले". बसले म्हणजे तोल जाताना ठरवून गुडघ्यावर टेकले ते. पहिल्या महिन्याचा आकडा पडले ३१, बसले ४. परवाच्या रविवारी पडले १, बसले ६. त्या एकावर तिचा आणि माझा अजून वाद चालू आहे.